आधी पिंजरा, मग शॅमेलिऑन

पहिल्यांदाच शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायला निघालेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं परदेशातली आहेत. असं का, ते शेवटच्या दोन उत्तरांत कळेल.

प्रश्न : मुलाला बाराव्या वाढदिवसाला शॅमेलिऑन हवाय. घरात याआधी फक्त मासे पाळलेत. कोणती जात घ्यावी, आणि दुकानात काय बघून घ्यावं? – लेस्टर

उत्तर : व्हेल्ड शॅमेलिऑन घ्या. त्यालाच येमेनीही म्हणतात, कारण तो मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागातला. नवख्या माणसाच्या बारीकसारीक चुका तो इतरांपेक्षा जास्त सहन करतो आणि पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं तुमच्याकडे सहज मिळतात. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन दिसायला जास्त देखणा, पण किंमतही तशीच. रानातून पकडून आणलेला प्राणी मात्र कुठल्याच जातीचा घेऊ नका. पोटात जंत, अंगात पाणी नाही आणि माणसाची धास्ती, एवढं सगळं तो सोबत घेऊनच येतो.

पिल्लू तीन महिन्यांपेक्षा लहान नको. या जातीत नर-मादी जन्मापासून ओळखता येतात. मागच्या पावलाची टाच पाहा. नराच्या टाचेवर छोटासा मांसल उंचवटा असतो, पिल्लात तो तांदळाच्या कणीएवढा दिसतो. मादीची टाच सपाट. पहिला प्राणी नरच घ्या. कारण टोरांटोच्या पत्रात आहे.

दुकानात दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला प्राणी दिसला तर तिथूनच परत फिरा. धडधाकट शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. डोळे खोबणीत गेलेले नसावेत, पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले नसावेत. चालताना पोट फांदीला घासत असेल तर हाडं कच्ची आहेत असं समजा. एक किडा समोर खायला घालायला सांगा. जीभ सुटून लगेच परत आत गेली पाहिजे, लोंबकळता कामा नये.

आता मुलाबद्दल. हा मांडीवर घ्यायचा प्राणी नाही. हाताळलं की फुगतो, काळवंडतो, फुसफुसतो, चावतोही. तासन्‌तास नुसतं बघत बसायला आवडणाऱ्या मुलाला तो आवडेल. कुरवाळायला काही हवं असेल तर गिनी पिग आणा. नर सहा ते आठ वर्षं जगतो, म्हणजे मुलगा कॉलेजला गेल्यावर किडे सांभाळायचं काम तुमच्याकडे येणार, हेही आत्ताच ठरवून टाका.

प्रश्न : माशांची ९० सेंमी लांबीची काचेची टाकी रिकामी पडून आहे. तीच वापरली तर? आणि दिवे नेमके किती लागतात? दुकानदाराने पाच प्रकार दाखवले. – एडिंबरा

उत्तर : टाकी नको. ती आडवी आहे आणि वरूनच उघडी, हवा आत कोंडते. शॅमेलिऑनला उंची आणि खेळती हवा लागते. वाढलेल्या नरासाठी ६० × ६० × १२० सेंमीचा जाळीचा उभा पिंजरा घ्या. एडिंबरासारख्या थंड गावात मागची आणि दोन्ही बाजूंची जाळी प्लॅस्टिकच्या पत्र्याने झाका. समोर आणि वर जाळीच राहू द्या. पिंजरा टेबलावर ठेवा, इतका की त्याची वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. खाली ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी दिवसभर घाबरलेलाच असतो.

दिवे फक्त दोन. एक उबेचा : साधा हॅलोजन, ५० वॉटपासून सुरुवात करा. दुसरा यूव्हीबीचा, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांचा : टी-५ एचओ प्रकारची लांब नळी, ६ टक्के किंवा ५.० अशी खूण असलेली. पिळाचे छोटे यूव्हीबी बल्ब घेऊ नका, त्यांचा झोत एवढ्याशा जागेत पडतो. या किरणांशिवाय अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. वाकलेल्या पायांचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते. नळी पेटलेली दिसत असली तरी किरण कमी होत जातात, म्हणून ती वर्षाला बदला.

बसायची फांदी नळीपासून २० ते २५ सेंमी खाली बांधा. अंतर मोजायचं ते प्राण्याच्या पाठीपर्यंत, फांदीपर्यंत नव्हे. त्या जागी नराला २९-३० अंश, मादीला आणि पिल्लाला २७ अंश सेल्सिअस पुरे. उबेचा दिवा जाळीला टेकवून ठेवू नका. नर छताला उलटा लटकतो आणि डोक्यावरचा उंच तुरा भाजून घेतो; चटका बसतोय हे त्याला वेळेत कळत नाही. दिवा जाळीपासून निदान दहा सेंमी वर टांगा. तोंड उघडं ठेवून बसला तर ऊब जास्त होतेय.

दुकानदाराने दाखवलेला लाल ‘रात्रीचा दिवा’ तिथेच सोडून या. बारा तास उजेड, बारा तास पूर्ण अंधार, टायमर लावून. रात्री १५ ते १८ अंशांपर्यंत उतरलेलं तापमान त्याला हवंच असतं.

हे सगळं मांडून पिंजरा आठवडाभर रिकामाच चालवा. तारेचा थर्मामीटर फांदीवर बांधून सकाळ-दुपार-रात्र आकडे लिहा. आकडे जुळले की मग प्राणी आणा. लोक उलटं करतात, आणि पहिल्या महिन्यातच तक्रारी सुरू होतात.

प्रश्न : वाटीत रोज ताजं पाणी ठेवते, तो तिकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून दिवसातून सहा-सात वेळा फवारते. तरी विष्ठेतला पांढरा भाग नारिंगी दिसतोय. – डॅलस

उत्तर : नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय. तो भाग पांढरा किंवा टोकाला किंचित पिवळसर असावा. वाटीतलं स्थिर पाणी शॅमेलिऑनला सहसा ‘दिसत’च नाही, पानावरून हलणारा थेंब तो चाटतो. पण दिवसभर फवारणी हा उपाय नाही. गरम दिव्याखाली सतत ओलं राहिलं की छातीत जंतुसंसर्ग होतो. नाकातोंडात बुडबुडे, मान वर करून श्वास घेणं ही त्याची लक्षणं. येमेनच्या डोंगरात पाणी मुख्यतः रात्रीच्या धुक्यातून आणि दवातून मिळतं, तोच क्रम धरा. दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि मालवल्यावर दोन मिनिटं बारीक फवारणी. दिवसा पिंजरा कोरडा होऊ द्या. ३० ते ५० टक्के आर्द्रता ठीक. रात्री धुक्याचं यंत्र लावायचं असेल तर खोली २० अंशांखाली असेल तेव्हाच. उबदार खोलीत धुकं नको. यंत्राची टाकी दर आठवड्याला घासा.

याच्या जोडीला दुपारी पंधरा-वीस मिनिटं थेंब. त्यासाठी महागडं काही लागत नाही. माशांच्या टाकीची हवेची बारीक नळी आणि तिचा छोटा व्हॉल्व घ्या (भारतात सलाईनचा नवा सेट याहून सोयीचा, त्याची चाकी बोटाने फिरवली की धार नेमकी जमते). बाटली पिंजऱ्यावर ठेवा, नळीचं टोक वरच्या पानावर सोडा आणि दर सेकंद-दोन सेकंदांना एक थेंब पडेल असं बसवा. थेंब पानावरून पानावर घरंगळत यायला हवेत, खाली एक डबा ठेवा. पहिले काही दिवस तुम्ही खोलीत असाल तर तो पिणार नाही. बाहेर जा.

पानं खरी लावा : मनी प्लांट, जास्वंद, फायकस. येमेनी शॅमेलिऑन पानं खातो, म्हणून नर्सरीतून आणलेलं रोप साध्या पाण्याने नीट धुवा आणि कुंडीतली माती मुठीएवढ्या दगडांनी झाका. दगड लहान असेल तर तोही गिळतो.

प्रश्न : किडे किती, कोणते, आणि पावडर कधी? – डॅलसच्याच दुसऱ्या वाचक

उत्तर : मुख्य अन्न रातकिडे आणि दुबिया झुरळं, मधूनमधून रेशीमकिडे. फ्लोरिडात दुबिया पाळायला बंदी आहे, तिकडे राहायला गेलात तर लक्षात ठेवा. किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पाच-सहा महिन्यांपर्यंत रोज दहा-बारा लहान किडे, वर्षाच्या पुढे एक दिवसाआड तीन ते पाच. त्याने मागितलं म्हणून वाढवू नका, तो मागतच राहतो.

किडा रिकाम्या पोटी घालू नका. आदल्या दिवशी त्याला मोहरीची पानं, गाजर, रताळं खाऊ घाला. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. ड-३ नसलेली साधी कॅल्शियम पावडर प्रत्येक वेळी, किडे पिशवीत घालून हलवायचे, पिठात घोळल्यासारखे. ड-३ आणि अ जीवनसत्त्व असलेली पावडर महिन्यातून दोनदाच. जास्त झाली तर तीही बाधते. बागेतला किडा नको, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. आणि काजवा तर कधीच नको. त्यातलं विष सरड्यांना मारतं, एकच पुरतो.

प्रश्न : मादी सात महिन्यांची. दोन दिवस खात नाही, फांदीवरून उतरून तळ खरवडते. नर कधीच जवळ नव्हता. पोट बिघडलंय का? – टोरांटो

उत्तर : अंडी आहेत. नर नसला तरी कोंबडीसारखी मादी अंडी घालतेच. जागा मिळाली नाही तर अडवून धरते आणि त्यातच मरते. आजच्या आज करा. निदान ३० सेंमी लांब, रुंद आणि तेवढाच खोल डबा घ्या. मुलांच्या खेळातली धुतलेली वाळू काठोकाठच्या थोडी खाली भरा आणि पाणी घालून कालवा. बोटाने तिरपं बीळ पाडून पाहा. ढासळलं नाही आणि तळाशी पाणी साचलं नाही तर ओल बरोबर. डबा पिंजऱ्यात ठेवून पिंजऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती चादर गुंडाळा.

आता डोकावू नका. खणताना तिला तुम्ही दिसलात तर ती बीळ सोडून देते, मग पुन्हा खणेलच असं नाही. खणण्यात एक-दोन दिवस जातात, रात्री ती बिळातच झोपली तरी उठवू नका. काम झालं की स्वतः वाळू लोटून बीळ बुजवते आणि रोडावलेली वर येते. तेव्हा भरपूर थेंब-पाणी आणि दोन-तीन दिवस रोज खाणं. पण खणणं थांबवून ती तळाशी डोळे मिटून पडली तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

पुढच्या खेपेला अंडी कमी व्हावीत म्हणून एक दिवसाआड तीनच किडे आणि बसायच्या जागी २६-२७ अंश. जास्त खाणं आणि जास्त ऊब मिळालेली मादी एका वेळी साठ-सत्तर अंडीही घालते, आणि असं दोन-तीनदा झालं की खंगते. वाळूचा डबा यापुढे कायम आत राहू द्या.

प्रश्न : मेलबर्नमध्ये शॅमेलिऑन कुठे मिळेल? – मेलबर्न

उत्तर : कायदेशीररीत्या कुठेच नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी सरपटणारे प्राणी घरी पाळता येत नाहीत. तिथलाच बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाहा; तुमच्या राज्याचा परवान्याचा नियम आधी वाचा.

प्रश्न : एक विक्रेता येमेनी शॅमेलिऑनचं पिल्लू घरपोच देतो. ‘विदेशी आहे, कागदपत्र लागत नाहीत’ म्हणतो. खरं आहे का? – ठाणे

उत्तर : नाही. येमेनी आणि पँथर दोन्ही सायटिस कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. विक्रेत्याकडेही त्याची नोंद हवी. ती दाखवत नसेल तर फोन ठेवून द्या.

कागद असले तरी ठाण्याची हवा राहतेच. मे महिन्यात तिथली रात्रही दमट आणि २८ अंशांच्या आसपास. या प्राण्याला रोज रात्री गारवा लागतो, म्हणजे त्या खोलीचा एसी त्याच्यासाठी चालू ठेवावा लागेल. आणि पिल्लू आणण्याआधी त्याला तपासणारा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात ‘आम्ही हे बघत नाही’ हे उत्तर बऱ्याचदा मिळतं.

प्रश्न : ऊस तोडताना बांधावर घोयरा सापडला. हिरवागार आहे, पोरांनी बादलीत ठेवलाय. पाळता येईल का? विषारी असतो म्हणतात. – बारामती

उत्तर : विषारी मुळीच नाही. तोंड वासून फुसफुसतो, तेवढंच त्याचं शस्त्र. पाळता मात्र येणार नाही. घोयरा हा आपल्याकडचा शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पकडणं आणि घरात ठेवणं दोन्ही गुन्हा.

पावसाळा सरल्यावर माद्या अंडी घालायला झाडावरून उतरतात, म्हणून या दिवसांत त्या बांधावर आणि रस्त्यावर दिसतात. पोट फुगलेलं असेल तर ती बहुधा तशीच मादी आहे. अंगावर जखम असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जखम नसेल तर बादली जिथे सापडला त्याच बांधावर न्या. वरून धरू नका. एक काठी त्याच्या छातीखाली आडवी धरा, तो स्वतः चढतो. पुढच्या पायाची तीन बोटं आतून आणि दोन बाहेरून काठीला चिमट्यासारखी बसतात. ती ओढून सोडवू नका, बोटं दुखावतात. काठी जवळच्या बाभळीच्या फांदीला टेकवा आणि तो पलीकडे जाईपर्यंत हलवू नका. पाच-दहा मिनिटं लागतील.