समुपदेशनाला बायकोनं एकटीनं जावं, दोघांनी जावं, की आईलाही न्यावं?

तुम्ही लिहिलंय की बायको आणि आई यांच्या रोजच्या कुरबुरीत तुमचा संसार मोडायला आलाय. बायको ‘समुपदेशनाला चला’ म्हणते, आणि तुमच्या मते ‘प्रॉब्लेम तिचा आहे तर तिनंच जावं’. या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी २०२१ साली सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरात ऐकलंय आणि एकटी जाऊनही आलेय.

तेव्हा मला झोप लागत नव्हती. पतसंस्थेत कॅशला बसायचे, एकाच महिन्यात दोनदा रक्कम चुकली. घरात ठरलं, हिला कुणाला तरी दाखवून आणू. ज्यांच्याकडं नेलं त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी वेळ काढा, आणि निघताना दर वेळी ‘थोडं जुळवून घ्या, सासू म्हणजे आईच की’. सहा वेळा गेले. घरी आलं की सासूबाईंचं ‘आमटीत मीठ कमी’ ते चालूच. उलट एक नवीनच झालं. काही बोलायला गेले की ‘हिचं चालूय ना तिकडं’ म्हणून विषय बंद. म्हणजे आजारी मी एकटी, बाकीचं घर ठणठणीत, हे कागदावर नसलं तरी ठरूनच गेलं.

पुढं ऑफिसातल्या एकीनं मिरजेच्या एका मॅडमचं नाव सांगितलं. त्यांनी फोनवर आधी विचारलं, ‘घरात कोण कोण असतं?’ मग म्हणाल्या, ‘मिस्टरांना घेऊन या.’ हे आले, पण सारखं घड्याळ बघत. कोण चुकलं हे मॅडमनी विचारलंच नाही. त्या विचारत होत्या, आई बोलल्या की तुम्ही काय करता? मी म्हटलं, गप्प बसते. ह्या गप्प बसल्या की तुम्ही काय करता? हे म्हणाले, गाडी काढून बाहेर जातो. तुम्ही बाहेर गेलात की आई काय करतात? दोघांनाही सांगता येईना. घरात असूनही आम्ही ते कधी बघितलंच नव्हतं. मॅडमनी कागदावर तीन गोल काढले आणि बाण जोडत गेल्या. आई टोचून बोलतात, मी गप्प, हे बाहेर, आई आणखी एकट्या, म्हणून आणखी टोचून बोलतात. त्या गोलात सुरुवात कुठली हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. हे बराच वेळ त्या कागदाकडं बघत बसले.

मग त्यांनी विचारलं, घरात कोण कुणाशी थेट बोलतं? आणि माझ्या लक्षात आलं. आई आणि हे एकाच सोफ्यावर बसलेले असायचे. ह्यांच्या हातात ‘पुढारी’. आणि आई मला स्वयंपाकघरात हाक मारून सांगायच्या, ‘त्याला सांग, दूधवाल्याचे पैसे द्यायचेत.’ मी हात पुसत बाहेर यायचे आणि दोन हातांवर बसलेल्या माणसाला सांगायचे. हे मलाच म्हणायचे, ‘देतो म्हणावं.’ बारा वर्षं मी मायलेकरांची निरोप्या होते. दोघांच्या मनातला राग निरोपाबरोबर माझ्या अंगावर उतरत होता. दोन आठवडे एकही निरोप पोचवायचा नाही, एवढाच गृहपाठ मिळाला. ‘ते इथंच बसलेत, त्यांना सांगा’ एवढं एकच वाक्य म्हणायचं. पहिल्या दिवशी हे म्हणताना माझे पाय कापत होते.

चौथ्या वेळेला आई आल्या. ‘तुमच्याबद्दल तक्रार नाही, घराबद्दल तुमच्याकडून समजून घ्यायचंय,’ असं मॅडमनी स्वतः फोनवर सांगितलं म्हणून आल्या. तासभर ‘माझं काही नाही, मला काही नको’ एवढंच चाललं होतं. शेवटी मॅडमनी विचारलं, ‘या घरात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?’ आई मांडीवरच्या पिशवीची चेन उघडत होत्या, लावत होत्या. म्हणाल्या, ‘बोट उलटली म्हणून ऐकलं तेव्हा.’

ह्यांनी विचारलं, ‘कुठली बोट?’

सांगलीच्या माणसाला २०१९ चा ऑगस्ट सांगावा लागत नाही, पण तुम्ही साताऱ्याचे म्हणून सांगते. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या खालच्या मजल्यात पाणी शिरलं तेव्हा मुलगी सात महिन्यांची, अंगात ताप. ६ ऑगस्टला बोट आली ती भरलेलीच. आईंचे गुडघे दुखायचे, त्याच म्हणाल्या, आधी बाळाला न्या, मी पुढच्या फेरीला येते. ती पुढची फेरी ९ तारखेला आली. ह्यांना कुणी परत आत सोडलं नाही आणि फोन बंद पडलेले. मधे ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं गेली. ती बातमी शेजारच्या गच्चीवरून आईंच्या कानावर आली ती ‘बोट उलटली’ एवढीच. कुठली, कुणाची, काही नाही.

‘मला वाटलं माझी सगळीच गेली,’ आई म्हणाल्या. ‘रात्रभर जिन्यात बसले होते, पाण्याकडं बघत. आणि भेटल्यावर तू काय विचारलंस? घराची कागदपत्रं भिजली का म्हणून.’

हे खाली मान घालून बसले. मग म्हणाले, ‘तुला सोडून गेलो म्हणून तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं गं.’ दोन वर्षं हे ह्यांच्या पोटात आणि ते आईंच्या पोटात. आणि मी, त्या बोटीत आधी बसलेली, दोन वर्षं मिठाचा हिशेब देत होते. मला सांगा, मी एकटी जन्मभर दीर्घ श्वास घेत बसले असते तर यातलं काय बाहेर आलं असतं?

पाच महिन्यांत अकरा वेळा गेलो. सगळं गोड झालं असं नाही. मीठ अजून कमी पडतं. पण कामावरून आल्यावर हे आईंजवळ दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसतात, आणि आईंना काही सांगायचं असलं की ह्यांनाच हाक मारतात.

आमच्या वन्सं कराडला असतात. त्यांना हे कळलं तेव्हा भाऊबीजेच्या ताटासमोर त्या मला म्हणाल्या, ‘माझ्या आईला परक्या बाईपुढं बसवलंस, घराचा चव्हाटा केलास.’ मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आता देते. आपल्याकडं समुपदेशन म्हटलं की पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे घरातल्या तक्रारी घेऊन बायका जातात तो कक्ष, किंवा कोर्ट डोळ्यापुढं येतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यामुळं कोर्टातही समुपदेशक असतात, पण तिथं बहुतेक माणसं मोडायच्या टोकाला आल्यावरच पोचतात. म्हणून लोकांना वाटतं, तिकडं गेले म्हणजे संपलं. चव्हाट्यावर गोष्ट चघळली जाते. इथं दार बंद करून ज्याचं त्यालाच बोलायला लावतात. आणि वन्सं, तुमची आई रात्रभर जिन्यात बसली होती हे तुम्हालाही त्या ‘परक्या बाई’मुळंच कळलं.

नंतर मी याबद्दल थोडं वाचलं. मरे बोवेन नावाचे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ सांगत की दोघांतला ताण सोसेनासा झाला की ती दोघं तिसऱ्याला मधे ओढतात आणि त्रिकोण तयार होतो. आमच्या सोफ्यावर तेच चाललं होतं. संसार पोखरणाऱ्या चार सवयी जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, टीका, तुच्छता, स्वतःचा बचाव आणि अबोला. अबोल्याला आपण सोशिकपणा म्हणतो. मी तो बारा वर्षं सोशिकपणा म्हणूनच पाळला. तुमची बायको गप्प राहत असेल तर ‘शांत आहे’ म्हणून खूश होऊ नका.

तर तुमचं उत्तर. आधी तुम्ही दोघं जा, आणि तुम्ही घड्याळ घरी ठेवून जा. आईंना न्यायचं का, कधी न्यायचं, हे तिथं ठरू दे. त्यांना फसवून नेऊ नका. तुम्ही गेलाच नाहीत तरी तुमच्या बायकोनं एकटीनं जाण्यात अर्थ आहे, पण अशा माणसाकडं जो तिच्याबरोबर घरातली नातीही बघेल. एकानं आपलं पाऊल बदललं तरी बाकीच्यांना हलावं लागतं. पाटी बघून जाऊ नका. मानसशास्त्र किंवा समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण आहे का, जोडप्यांबरोबर आणि कुटुंबांबरोबर काम केलंय का, हे सरळ विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारता येते.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. घरात मारहाण, धमकी, पैशांची कोंडी असं काही असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथं सगळ्यांना एका खोलीत बसवणं धोक्याचं असतं, कारण बाई जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागते. अशा वेळी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. आणि कुणाची झोप, जेवण सुटलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्या माणसाला डॉक्टरांकडं वेगळं न्यावंच लागतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मागच्या आठवड्यात वन्संचा मला फोन आला. म्हणाल्या, ‘आईला सांग, यंदा दिवाळीला जमणार नाही, ती चिडेल.’ मी म्हटलं, ‘तुम्हीच सांगा वन्सं, फोन त्यांच्या उशाशीच असतो.’ थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मी फोन ठेवला, आणि पाचेक मिनिटांनी आतल्या खोलीत आईंचा फोन वाजला.