त्रिशंकू संसद आणि राजाचं काम: मुलाखतीआधी एवढं पक्कं कर

त्रिशंकू संसद म्हणजे कुणालाच बहुमत नाही. अशा वेळी राजा काय करतो, हे ठाण्याच्या अभ्यासिकेत बसून आपल्या राज्यपालांच्या चष्म्यातून बघतोस, घोळ तिथेच होतो. आपल्याकडे राज्यात सरकार बनवायला कुणाला बोलवायचं हे राज्यपाल ठरवतात. म्हणून २०१९ चा पहाटेचा शपथविधी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रिटनमध्ये राजाला वादात ओढायचंच नाही, हा संकेत. बोलणी पक्षांनी आपापसांत उरकायची.

२०१० ची निवडणूक नीट बघ. जागा ६५०, बहुमत ३२६. कॉन्झर्व्हेटिव्ह ३०६, लेबर २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. बेरीज स्वतः कर: लेबर आणि लिबरल मिळून ३१५, म्हणजे तिथेही आणखी कुणीतरी लागणारच होतं. लेबरचे ब्राऊन मात्र निकालानंतरही पंतप्रधान होते, कारण राजीनामा दिल्याशिवाय पद रिकामं होत नाही. ११ मेला त्यांनी तो दिला आणि त्याच संध्याकाळी राणीने कॉन्झर्व्हेटिव्ह नेते कॅमेरून यांना नेमलं.

‘सर्वांत मोठ्या पक्षाला पहिलं बोलावणं’ असा नियम तिथे नाही, हे परीक्षक हमखास विचारतात. फेब्रुवारी १९७४ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधान हीथ २९७ वर, लेबर ३०१ वर. तरी हीथ ४ मार्चपर्यंत पदावर राहून जुळवाजुळव करत होते. जमलं नाही, मग लेबरचे विल्सन आले.

आणि सगळ्या राजेशाह्या एका मापाच्या समजू नकोस. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून सरकार जुळवण्याची ही प्रक्रिया राजाकडून संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे गेली. बेल्जियमचा राजा अजून मध्यस्थ नेमतो.