सत्तर उड्यांनंतर १५० ची कॅनोपी घेऊ का? – सविस्तर उत्तर

तुमचा स्कायडायव्हिंगचा प्रश्न थोडक्यात असा, की उड्या सत्तरच्या आसपास, ए लायसन्स (पहिल्या पातळीचा परवाना) झालंय, ड्रॉपझोनची (उड्यांच्या केंद्राची) १९० चौरस फुटांची कॅनोपी, म्हणजे पॅराशूट, भाड्याने घेऊन उडताय, रिगसकट वजन ८६ किलो, आणि ओळखीतला एकजण आख्खी रिग (पाठीवरचं सगळं सामान) विकतोय ज्यात मेन (मुख्य कॅनोपी) १५०, रिझर्व (मेन बिघडली तर उघडायची) १२६ आणि एएडी (रिझर्व आपोआप उघडणारं यंत्र) आहे. १९० आता सुस्त वाटते, वारा असला की पुढे सरकत नाही, आणि हल्ली प्रत्येक लँडिंगला तुम्ही उभेच राहताय. शिवाय हेल्मेटवर कॅमेरा लावू का हेही विचारलंय.

सरळ सांगतो, ही रिग घेऊ नका. मेनसाठी नकोच, आणि त्याहून जास्त त्या रिझर्वसाठी नको. कॅमेराही आत्ता नको.

आधी हिशोब बघू. ८६ किलो म्हणजे साधारण १९० पौंड, म्हणजे १९० चौरस फुटांच्या कॅनोपीखाली तुमचं विंग लोडिंग (दर चौरस फुटामागे किती पौंड) १.० येतं आणि १५० खाली १.२७ च्या आसपास. आकडा बघून वाटतं एवढंच ना, पण कॅनोपीचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पुढे जायचा आणि खाली यायचा दोन्ही वेग बारा-तेरा टक्क्यांनी जास्त, आणि जमिनीवर आपटायची वेळ आली तर ऊर्जा वेगाच्या वर्गात मोजायची म्हणजे थेट सव्वा पटीहून जास्त. ही झाली फक्त सरळ उडण्याची गोष्ट. लहान कॅनोपीच्या लाइन्स (दोऱ्या) पण आखूड असतात, त्यामुळे तेवढाच टॉगल (वळवायचं हँडल) ओढला तरी ती जास्त झटकन वळते आणि वळताना जास्त जोरात डाइव्ह मारते. तुमच्या हातांना १९० ची सवय झालीये, घाबरल्यावर हात किती खेचायचा हे डोकं ठरवत नाही, सवय ठरवते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की या खेळात माणसं जातात ती पॅराशूट उघडलं नाही म्हणून. तसेही अपघात होतात, पण यूएसपीए (अमेरिकेतली स्कायडायव्हिंगची संघटना) दरवर्षी अपघातांची जी वर्गवारी छापते ती नीट वाचा, व्यवस्थित उघडलेल्या, काहीही बिघाड नसलेल्या कॅनोपीखाली लँडिंगला गेलेल्यांचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलाय. बिल बूथ, ज्यांनी थ्री-रिंग रिलीज (बिघडलेली मेन झटकन सोडून देणारी जोडणी) शोधून काढली, त्यांचं एक म्हणणं जंपर लोकांत सगळीकडे सांगितलं जातं की सामान जितकं सुरक्षित होईल तितकी माणसं जास्त धोका पत्करतील आणि मृत्यूचं प्रमाण तिथेच राहील. १९९१ मध्ये सायप्रेस हे एएडी बाजारात आलं, हळूहळू एएडी जवळपास प्रत्येक रिगमध्ये बसलं, आणि भान हरपून हँडल न ओढलेल्या कितीतरी लोकांना त्याने वाचवलंय. पण एक्स्पर्ट सायप्रेस चालतं कसं ते बघा, साधारण ७५० फुटांवर तुम्ही सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर ते रिझर्व बंद ठेवणारा लूप कापतं. शंभर फुटांवर चुकीचं वळण घेतलं तर ते काहीही करणार नाही, ते त्याचं कामच नाही. तेव्हा 'एएडी आहे ना रिगमध्ये' या वाक्याचा कॅनोपीच्या साइजशी काही संबंध नाही.

खालचं वळण म्हणजे नक्की काय होतं ते एकदा जवळून बघितलेलं सांगतो. माझ्याआधी उतरलेला एक जंपर, उड्या तुमच्याहून थोड्या जास्त, नुकताच लहान कॅनोपीवर गेलेला. फायनलवर (उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) होता, शंभर फूट असेल नसेल, बाजूने दुसरा एकजण त्याच्या वाटेत आडवा आला. त्याने उजवा टॉगल मांडीपर्यंत ओढला. कॅनोपी उजवीकडे कलली, तो स्वतः लोलकासारखा बाहेर फेकला गेला, एका क्षणी कॅनोपी आणि तो जवळजवळ एकाच उंचीवर दिसत होते, आणि मग कॅनोपीने नाक खाली घातलं. त्याने टॉगल सोडला, दोन्ही हातांनी फ्लेअर मारला (वेग मोडायला दोन्ही टॉगल खाली ओढले), सगळं बरोबर केलं, पण कॅनोपीला पुन्हा त्याच्या डोक्यावर येऊन सरळ व्हायला जेवढी उंची लागते तेवढी उरलीच नव्हती. मांडीचं हाड आणि कंबर, कित्येक महिने अंथरुणात. १९० वर हेच झालं असतं तर कदाचित लंगडत चालत आला असता.

त्याला वळायचं नव्हतं असं नाही, वळणं गरजेचंच होतं. फक्त सपाट वळण त्याच्या हातात बसलेलं नव्हतं. दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणायचे (याला अर्धा ब्रेक म्हणतात) आणि मग जिकडे वळायचंय त्याच्या विरुद्ध बाजूचा टॉगल थोडा वर सोडायचा, कॅनोपी फारशी न कलता, फारशी उंची न गमावता वळते. वळून झालं की अर्ध्या ब्रेकमधूनच फ्लेअर करायचा, आणि इथे लोक फसतात, कारण तिथून फ्लेअरची ताकद कमी असते म्हणून तो जास्त झटक्यात आणि पूर्ण मारावा लागतो. हे सगळं आधी वर, दोन हजार फुटांच्या वर, आजूबाजूला कोणी नाही बघून करायचं, आणि करताना अल्टिमीटर बघायचा. पूर्ण वेगात टॉगल ओढून ९० अंश वळलात तर किती फूट गेले, अर्ध्या ब्रेकात तेच वळण घेतलं तर किती गेले. हे दोन आकडे स्वतःच्या कॅनोपीचे माहीत नसतील तर ती कॅनोपी अजून तुमची झालेली नाही.

आणि लँडिंगचा प्राधान्यक्रम पाठ असू द्या, नुसता ऐकलेला नको. पंख सपाट ठेवून सरळ रेषेत उतरणं पहिलं, अडथळा नसलेली मोकळी जागा दुसरं, निदान अर्धा तरी फ्लेअर तिसरं, आणि पीएलएफची (पाय जुळवून लोळत पडायची) तयारी. वाऱ्याच्या तोंडी उतरणं त्या यादीत वर नाहीये. कितीतरी लोकांनी शेवटच्या दोनशे फुटांत 'अरे वारा तर मागून आहे' म्हणून वळण घेतलंय आणि हाडं मोडून घेतलीत, जेव्हा वारा पाठीवर घेऊन सरळ उतरले असते तर घसरत जाऊन कपडे मळले असते, फार तर घोटा मुरगळला असता.

तर १७० वर जायच्या आधी, हो १७०, तिथेही तुमचं लोडिंग १.१२ च्या आसपास जाईलच, मी तुमच्यात काय बघेन? उभं राहणं नाही. छान वाऱ्यात, मोकळ्या मैदानात १९० वर कोणीही उभा राहतो, ती कॅनोपी चुका पोटात घालते, आणि तुम्ही चुका करताय की नाही हे तुम्हाला ती कळूच देत नाही. मी बघेन की वारा अजिबात नसताना तुम्ही नीट उतरता का, कारण तेव्हा फ्लेअरची वेळ चुकली की लगेच कळतं. आडव्या वाऱ्यात दोन्ही हात एकसारखे खाली येतात का, की खालच्या बाजूला हात पुढे करून पडायची तयारी करता, तसं केलं की तोच टॉगल जास्त ओढला जातो आणि कॅनोपी तिकडेच वळते. हजार, सहाशे, तीनशे फुटांचा पॅटर्न (उतरायचा ठरलेला मार्ग) रोज वेगळ्या वाऱ्यात जमिनीवर असताना ठरवून वर तसाच उडवता येतो का, आणि ठरवलेल्या जागेपासून दहा-पंधरा मीटरच्या आत सलग उतरता का. मागच्या रायझरवर (लाइन्स हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यांवर) फ्लेअर कसा असतो, कुठे स्टॉल होते, म्हणजे कॅनोपी उडणं सोडून कोसळते, हे वर करून बघितलंय का, कारण ब्रेक लाइन (टॉगलची दोरी) तुटली तर त्याच रायझरवर उतरायची वेळ येऊ शकते. शेवटचं हे कोचच्या सल्ल्याशिवाय जमिनीजवळ करू नका, रायझरवर स्टॉल फार अचानक होते.

यासाठी तुम्हाला कॅनोपी कोर्स लागेल, तो करा, आणि त्याशिवाय हॉप अँड पॉप करा, पाच हजार फुटांवर विमानातून बाहेर पडायचं आणि लगेच उघडायचं. मॅनिफेस्टला (उड्यांची यादी ठेवणाऱ्याला) आणि पायलटला आधी सांगा, विमानाच्या कोणत्या पासवर (फेरीत) बाहेर पडताय ते इतरांना कळू दे. एका उडीत एकच गोष्ट ठरवा, आज फक्त सपाट वळणं, उद्या फक्त स्टॉल आणि त्यातून सावकाश बाहेर येणं. फ्रीफॉल सगळ्यांना आवडतो, पण फ्रीफॉल एका मिनिटात संपतो आणि कॅनोपीखाली त्याच्या चार-पाच पट वेळ असतो, तो वेळ बहुतेक लोक नुसते पाय हलवत खाली बघत घालवतात आणि मग म्हणतात १९० बोअर आहे. बोअर नाहीये, तिच्यातलं निम्मं तुम्ही अजून वापरलेलंच नाही.

वाऱ्याबद्दल. १९० मागे सरकतेय इतका वारा असेल तर सत्तर उड्यांच्या माणसाने खाली बसून राहायचं. वारा जोरात असला की झाडं, इमारती, हँगर यांच्या मागे हवा घुसळते, त्यात कॅनोपी अर्धी मिटू शकते, आणि लहान कॅनोपी त्यात शांत नसते, उलट जास्त चिडते. जास्त वाऱ्यात उडता यावं म्हणून लहान कॅनोपी घेणं हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

आता त्या रिझर्वकडे. १२६ खाली तुमचं लोडिंग १.५ येतं. लोक मेनबद्दल तासन् तास बोलतात आणि रिझर्व कंटेनरबरोबर (कॅनोपी ठेवायच्या पाठीवरच्या पिशवीबरोबर) आली म्हणून तशीच घेतात. पण विचार करा रिझर्व कधी उघडणार. मेन बिघडून कटअवे केल्यावर (ती सोडून दिल्यावर), बहुतेक वेळा उंची कमी, मैदानापासून लांब, खाली काय आहे माहीत नाही, हात थरथरताहेत. किंवा धडक बसून शुद्ध गेली आणि एएडीने उघडली, मग ब्रेक अर्ध्यावर अडकलेले, टॉगलला कोणाचाही हात नाही, जिकडे तोंड असेल तिकडे तुम्ही जमिनीवर येणार. त्या क्षणी डोक्यावर किती चौरस फूट कापड आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. काही उत्पादक रिझर्वची डेमो कॅनोपी मेनच्या जागी बसवून उडवायला देतात, मिळाली तर एकदा उडवाच, सात सेलच्या (कप्प्यांच्या) रिझर्वचा फ्लेअर आणि तुमच्या नऊ सेलच्या मेनचा फ्लेअर यात किती फरक आहे ते हातांना कळेल. निदान १७६ च्या आसपासची रिझर्व ज्यात बसते असाच कंटेनर शोधा.

वापरलेली रिग घेणं वाईट नाही, उलट पहिली रिग वापरलेलीच घ्यावी. पण विकणाऱ्याने ठरवलेल्या रिगरकडून (रिग तपासणाऱ्या, रिझर्व पॅक करणाऱ्या तज्ज्ञाकडून) नाही, तुमच्या रिगरकडून तपासून. त्याच्याबरोबर बसा, तो काय बघतो ते बघा. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन्स असतील तर स्लायडरच्या (उघडताना लाइन्सवरून सरकणाऱ्या कापडाच्या) घर्षणाच्या उष्णतेने त्या आखडतात, बाहेरच्या आणि ब्रेकच्या सगळ्यात जास्त, आणि मधल्या तशाच राहतात म्हणजे कॅनोपीचा ट्रिम (लाइन्सच्या लांबीचा मेळ) बिघडतो. उडताना हे दिसतं, टॉगल पूर्ण वर सोडल्यावर ब्रेक लाइनला मागे हलकी कमान पडली पाहिजे, ती ताणलेली असेल आणि टेल (मागची कड) खाली ओढलेली दिसत असेल तर तुम्ही कायम थोड्या ब्रेकात उडताय. व्हेक्ट्रन हा दुसरा धागा आखडत नाही पण झिजते, आणि तुटायच्या आधी फारसं सांगत नाही. ब्रेकच्या कॅट-आयपाशी (ब्रेक अडकवायच्या लाइनमधल्या फाशापाशी) बोट फिरवा, लाइन तिथे केसाळ झाली असेल तर लाइनसेटचा खर्च किंमतीत धरा. क्लोजिंग लूप, पायलट शूटची किल लाइन, थ्री-रिंगच्या रायझरचं कापड, कटअवे केबल, एएडीची निर्मितीची तारीख आणि सर्व्हिस, रिझर्वचं पॅकिंग कार्ड, हे सगळं रिगर बघेलच. हार्नेस तुमच्या अंगाला बसतो का ते मात्र तुम्हीच घालून, लटकून बघा. सैल हार्नेसमध्ये हँडल नेहमीच्या जागी राहत नाही, आणि कटअवेच्या वेळी ते शोधत बसायला सेकंद नसतात.

ए लायसन्सवाल्यासाठी यूएसपीएची निर्णयाची उंची २,५०० फूट आहे, तिथे कॅनोपी वळवता येत नसेल, फ्लेअर होत नसेल तर तिथेच कटअवे, अजून एक लाथ मारून बघतो असं नाही. प्रत्येक दिवशी पहिल्या उडीआधी हँडल बघा, हात लावा, ती ओढायचा क्रम म्हणा. नवीन रिग घेतली की हँगिंग हार्नेसमध्ये (जमिनीवर टांगून सराव करताना) तिचीच हँडल ओढून बघा, भाड्याच्या रिगची ओढ आणि तुमच्या रिगची ओढ सारखी नसते.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर यूएसपीएची शिफारस २०० उड्या आणि सी लायसन्सची आहे, आणि ती उगाच नाही. कॅमेरा लाइनमध्ये अडकू शकतो हे एक, पण माझ्या मते खरा धोका तो चालू केला की नाही यात लक्ष जाणं, शॉट मिळेल म्हणून दुसऱ्याच्या जवळ जाणं, आणि त्यात उंचीचं भान सुटणं. पोटावर पडताना हजार फूट साडेपाच सेकंदांत जातात. तुमच्या उड्यांचं शूटिंग दुसऱ्याकडून करून घ्या, कॅनोपी कोचला तुमची लँडिंग खालून शूट करायला सांगा, फ्लेअरची वेळ सुधारायला त्याचा जेवढा उपयोग होतो तेवढा हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा होणार नाही.

त्या ओळखीतल्या माणसाकडे कंटेनर कोणत्या मॉडेलचा आणि कोणत्या साइजचा आहे ते विचारून इथे लिहा. उत्पादकाच्या साइजच्या तक्त्यावर बघून सांगतो की त्यात १७० ची मेन आणि मोठी रिझर्व बसते का. बहुतेक बसणार नाही, १५० आणि १२६ साठी शिवलेल्या कंटेनरमध्ये मोठं कापड कोंबलं तर रिझर्व कडक पॅक होते आणि रिगर ते करून देणारही नाही. तसं असेल तर तो सौदा सोडा आणि १९० वरच उडत राहा, मी म्हटलं त्या गोष्टी करून बघा, कशात अडलात ते लिहा.