आधी बाड मागून घे

प्रिय पोरी,

नाटक-सिनेमातल्या ज्येष्ठ अभिनेत्री बाईंना आपलं विद्यापीठ मानद डी.लिट. देणार आहे, त्या मानपत्राचा तुझा मसुदा वाचला. कुलगुरूंनी हे काम तुझ्याकडे दिलं याचा आनंद आहेच. पण पहिल्याच ओळीत 'अष्टपैलू', 'चतुरस्र', 'रंगभूमीचं लेणं' ही मंडळी वऱ्हाडासारखी रांगेने आलेली पाहिली आणि मला माझं पहिलं मानपत्र आठवलं. त्यात विशेषणं सात होती आणि भूमिकेचं नाव एकही नव्हतं. मी ते वाचत होतो तेव्हा समोर बसलेल्या सत्कारमूर्ती शालीच्या दशा विंचरत होत्या.

विशेषणं एक वेळ चालतील, पण 'औपचारिक शिक्षण नसतानाही' हे आधी खोड. त्या 'नसतानाही'त उपकाराचा वास येतो. मानद डी.लिट. आपण दयेपोटी देत नाही. बाईंनी अभ्यास केला आहे, फक्त तो आपल्या वर्गात बसून केला नाही.

इंग्लंडची नटी एलन टेरी बघ. १८५६ साली, नऊ वर्षांची असताना ती लंडनच्या रंगमंचावर उभी राहिली. शाळा अशी तिला मिळालीच नाही. १९२२ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने तिला मानद एलएल.डी. दिली. म्हणजे कायद्याची डॉक्टरेट, आणि तीही नटीला! तेव्हा ती ७५ वर्षांची होती, नजर आणि स्मरण दोन्ही दगा देऊ लागले होते. जिच्या आवाजावर लोक भाळायचे, तिने साठी उलटल्यावर मूकपटांतही काम केलं होतं. लंडनच्या लायसियम थिएटरात १८७८ पासून तिच्यासोबत उभा राहणारा नट हेन्री आयर्विंग १८९५ मध्येच 'सर' झाला, विद्यापीठांनीही त्याला वेळेवर बोलावलं. तिला 'डेम', म्हणजे बायकांमधली 'सर', व्हायला १९२५ उजाडलं. हा हिशेब मला आजही खटकतो.

तिचा अभ्यास कुठे दिसतो? तिच्या नाटकाच्या प्रतींत. समास टिपणांनी भरलेले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधली लेडी मॅकबेथ म्हणजे राक्षसीण, असं लोक धरून चालले होते. टेरीने १८८८ मध्ये नवऱ्यावर जीव टाकणारी बाई उभी केली. समीक्षकांत त्यावरून दोन तट पडले. त्या भूमिकेचा हिरवा पोशाख आजही केंटमधल्या तिच्या घरी जपून ठेवला आहे. त्यावर भुंगेऱ्यांची सुमारे हजार चमकती पंखकवचं शिवलेली आहेत. प्रकाश पडला की सापाच्या कातीसारखा झळकावा, म्हणून. पुढे उतारवयात ती शेक्सपिअरच्या स्त्रियांवर व्याख्यानं देत अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत फिरली. आता सांग, यातलं काय 'नसतानाही'त बसतं?

तर बाईंकडे जा. मुलाखत घ्यायला आलेय असं सांगू नकोस, त्यांचं जुनं बाड, म्हणजे नाटकाची हाताळलेली प्रत, बघायला आलेय म्हण. कुठल्या वाक्याखाली रेघ आहे, कुठे 'थांब' लिहिलंय, कुठला शब्द खोडून पुन्हा तोच लिहिलाय, ते उतरवून घे. प्रयोगाचे रंगभूषाकार हयात असतील तर त्यांनाही भेट, त्यांना पुष्कळ माहीत असतं. सिनेमाविषयी एवढंच विचार: कॅमेऱ्यासमोर हात कमी हलवायला त्या कशा शिकल्या? यादी लांबवू नकोस, पुरस्कारांची तर नकोच. ती निमंत्रणपत्रिकेत येतेच.

दोन मिनिटांत संपेल एवढंच लिही आणि मोठ्याने वाचून बघ. जिथे तुझा श्वास तुटेल तिथे वाक्य तोड. ज्या बाईंनी जन्मभर वाक्यं फेकली, त्यांच्यासमोर आपण अडखळत वाचायचं नसतं.

आणि हो, मंचाच्या पायऱ्यांना कठडा आहे का ते स्वतः बघून ये. गाऊन त्यांच्या मापाचा आहे ना, तेही. मागच्या खेपेस एका ज्येष्ठांना तो पायघोळ झाला आणि पदवी घेताना त्यांचा एक हात गाऊन सावरण्यातच गुंतला होता.

नवा मसुदा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर