पोरगं गणितात कच्चं आहे की गणित वाचण्यात?

पारोळ्याकडची एक ताई तिसरीतल्या पोराला घेऊन आली, सोबत गणिताची वही. (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) तिचं म्हणणं एवढंच, सर याला गणित येतच नाही, शाळेत सांगतात घरी अहिराणी बोलता म्हणून याचं मराठीही कच्चं राहिलं आणि गणितही, मग आता घरात अहिराणी बंद करू का? आजी तर दुसरं काही बोलतच नाही, तिला काय सांगू.

हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे मला सारखा येतो.

वही उघडली तर उभ्या मांडणीची गणितं बरोबर होती, 52 वजा 27, हातचा घेऊन 25, मस्त. चुकत होती ती सगळी शाब्दिक उदाहरणं. एक असं होतं : सीताकडे 35 बोरं आहेत, ती रमेशपेक्षा 12 ने जास्त आहेत, तर रमेशकडे किती? याने 'जास्त' खाली पेन्सिलने रेघ मारलेली, तिच्यावर छोटंसं अधिकचं चिन्ह काढलेलं आणि उत्तर 47. विचारलं तर म्हणे ट्यूशनमध्ये शिकवलंय, एकूण, मिळून, जास्त आलं की बेरीज आणि उरले, कमी, फरक आलं की वजाबाकी. म्हणजे पोरगं वाक्य वाचतच नव्हतं, शब्द हुडकत होतं. या युक्तीचा मला मनापासून राग आहे, पहिली-दुसरीत मार्क मिळतात आणि तिसरीत पोरगं तोंडावर पडतं.

वही बंद केली, त्याला अहिराणीत म्हटलं, "मनाजोडे मेहरूणना 35 बोरं शेतस, तुनापेक्षा 12 जास्ती, मंग तुनाजोडे कितला?" (माझ्याकडे जळगावजवळच्या मेहरूणची 35 बोरं आहेत, तुझ्यापेक्षा 12 जास्त, मग तुझ्याकडे किती?) तो लगेच, "मंग मनाजोडे कमीच व्हतीन ना!" आणि बोटं मोजून तेवीस. ताई बघतच राहिली.

दुसरी अडचण वेगळी. त्रेसष्ट सांगितलं की 36 लिहायचा. हे अहिराणीमुळे नाही हो, मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो सहा आधी, खूप मुलांचं होतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असं वाचनही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, टिंगल झाली, पण अडणाऱ्या पोराला त्याचा आधार होतो. त्रेसष्ट तर शिकवायचंच, दोन्ही चालू द्या.

ताईला सांगितलं अहिराणी अजिबात बंद करू नका. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. रोज एकच उदाहरण घ्यायचं, त्याने मोठ्याने वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आजीला अहिराणीत सांगायचं, कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी, काय शोधायचंय. मग कागदावर दोन पट्ट्या काढायच्या, जास्तवाल्याची लांब, कमीवाल्याची आखूड. आकडे त्यानंतर. उत्तर मात्र पूर्ण मराठी वाक्यात लिहायचं, "रमेशकडे 23 बोरं आहेत." नुसतं 23 नाही चालणार. भाषेच्या तासाला तरी दुसरं काय चालतं, वाचून समजणं, आपल्या शब्दात सांगणं, नीट लिहिणं, म्हणजे एकाच उदाहरणात दोन्ही विषय होतात. 2021 पासूनचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियानही तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि पायाभूत गणित दोन्ही एकत्रच मागतं.

एक मात्र बघा, घरच्या बोलीत सांगूनही समजत नसेल, 38 मोठे की 83 यातही गोंधळ होत असेल, हातातल्या दहा-बारा वस्तू मोजताना चुकत असेल, तर सरावावर वेळ घालवू नका, अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचन किंवा गणित शिकण्यातच मुळात अडचण आहे का याची, तपासणी करून घ्या. या पोराला ती गरज नव्हती.

आता तो चौथीत आहे. कमी-जास्तची उदाहरणं जमतात, आजीलाच उलट उदाहरणं घालतो म्हणे. 'प्रत्येकी' आलं की अजून गुणू का भागू करत बसतो, सध्या त्याच्यावर काम चालू आहे.