केमोनंतर ताप आला तर घरीच थांबायचं का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझ्या आईला (वय ५८) ब्रेस्ट कॅन्सर आहे, दर २१ दिवसांनी लाल औषधाची केमो चालू आहे, दोन झाल्या. चार-पाच दिवस मळमळ, तोंड आलंय, जेवण जात नाही, पण ती म्हणते सोसावं लागतंच, उलटीची गोळीसुद्धा उलटी झाल्यावरच घेते. मागच्या वेळी दहाव्या दिवशी ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन झोपवलं. मावशी गुळवेलाचा काढा द्या म्हणते. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तापाचं बोलते, बाकीचं एक वेळ थोडं थांबेल पण हे नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खूप खाली जातात आणि तेव्हा साधं इन्फेक्शनपण काही तासांत जिवावर येऊ शकतं. घरात थर्मामीटर हवाच. १००.४ किंवा जास्त ताप दिसला, किंवा नुसती थंडी वाजून आली, तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन करा आणि निघा. गोळी देऊन वाट बघू नका हो, गोळीने ताप उतरतो, इन्फेक्शन आत तसंच राहतं. पोचल्यावर केमो चालू आहे हे सगळ्यात आधी सांगा.

उलटीची गोळी लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायची, मळमळ नसली तरी, कारण एकदा उलट्या सुरू झाल्या की आवरणं अवघड जातं. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने बऱ्याच जणांना पोट साफ होत नाही, त्यावर वेगळं औषध मागून घ्या. तरीही उलट्या होत असतील तर ओलान्झापीनसारखं औषध जोडता येतं, पण डॉक्टरांना कळलं तरच ना.

तोंडासाठी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या, मऊ ब्रश, आणि तिखट बंद. फोडणीच्या वासानेच काहींना ढवळतं म्हणून स्वयंपाक चालू असताना त्यांना लांबच्या खोलीत बसवा, मऊ वरणभात, मुगाची खिचडी थोडी गार करून दर दोन तासांनी चार घास द्या. पेशी कमी असताना कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस नको. लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ती औषधाच्या रंगाने, घाबरू नका.

गुळवेल नको. त्याने लिव्हरला इजा झालेल्या केसेस आपल्याकडेच नोंदल्या गेल्यात आणि केमोत लिव्हर आधीच कामाला जुंपलेलं असतं. मावशींना माझं नाव सांगा.

पुढच्या केमोआधी कुठल्या दिवशी काय त्रास झाला, किती उलट्या, ताप किती, हे वहीत लिहून न्या. आई डॉक्टरांसमोर ‘बरी आहे’ म्हणतील, तेव्हा वही तुम्ही पुढे करा.