पालेभाजी तीनदा धुऊनही कचकचते. मग ती धुवायची तरी कशी?

तुमचा प्रश्न असा आहे की धुळ्यात राहायला आल्यापासून मेथी-पालक तीन-तीन पाण्यांनी धुऊनही दाताखाली कचकच लागते, नळाला पाणी रोज येत नाही, आणि मीठ, सोडा, व्हिनेगर यांतलं काय घालावं ते कळत नाही.

आधी कचकचीचं बघू. पाणी कमी पडत नाही, ओतण्याची पद्धत चुकते. भाजी पातेल्यात खळबळायची आणि पातेलं तिरपं करून पाणी ओतून द्यायचं, किंवा सगळं चाळणीत उपडं करायचं, अशी बऱ्याच घरांत सवय असते. तळाला बसलेली रेती तेव्हा परत पानांवर येऊन बसते. अशी दहा वेळा धुतली तरी कचकच जाणार नाही. भाजी दोन्ही हातांनी पाण्यातून वर उचलून घ्या, मगच खालचं पाणी टाका.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या काळ्या मातीची. ती सुकली की देठाला घट्ट धरून बसते आणि नुसत्या धारेखाली निघत नाही. तिला भिजायला वेळ द्यावा लागतो. जुडी सोडा, मेथी-कोथिंबिरीची मुळं कापा, पिवळी पानं आणि गवत काढून निवडून घ्या. चिरू मात्र नका. चिरलेल्या कडांमधून क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं आणि माती उलट कापलेल्या भागाला चिकटते. निवडलेली एक जुडी चार-पाच लिटर पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. मग हलक्या हाताने पाच-सात वेळा वरखाली करा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे रेती खाली बसेल. आता भाजी उचला. चोळू नका, पानं काळी पडतात. दुसरं आणि तिसरं पाणी भिजवत न ठेवता असंच. किती पाणी पुरे हे पातेलं सांगतं: पाणी टाकल्यावर तळावरून बोट फिरवा, कण लागला नाही की झालं.

पाणी वाचवायचं तर दोन पातेली घ्या आणि कमी मातीची भाजी आधी धुवा. अंबाडी उंच वाढते, तिच्यावर माती फार नसते. तिचं शेवटचं पाणी पालकाचं पहिलं पाणी म्हणून चालतं. मातीचं पाणी कुंडीत किंवा परसात ओता, मोरीत गाळ साचत नाही.

प्रत्येक भाजीची माती लपण्याची जागा वेगळी असते. पालकाची देठाच्या बुडाशी, जिथे पानं एकत्र येतात तिथे. ते बूड अर्धा इंच कापून पानं सुटी करा. कांद्याच्या पातीची पांढऱ्या भागाच्या पदरांत; तो उभा चिरून पदर उघडल्याशिवाय निघत नाही. घोळ जमिनीलगत पसरतो, त्याच्या प्रत्येक पेरात रेती असते, त्यामुळे त्याला चार-पाच पाणी लागतातच. पोकळ्याला माती कमी, पण पानाची मागची बाजू उजेडात धरून बघा, अंडी आणि बारीक अळ्या तिथेच असतात. पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी, ती पानाच्या आत असते. धुऊन जात नाही, पान टाकून द्या. पावसाळ्यात थेंबांबरोबर माती पानांवर उडते, तेव्हा सगळ्याच भाज्यांना एक पाणी जास्त द्या.

मीठ उपयोगी आहे ते अळ्या आणि मावा (पानांना चिकटून बसणारे बारीक किडे) सुटून येण्यासाठी. करडईच्या भाजीवर मावा असला की ते कराच: पहिल्या पाण्यानंतर लिटरला एक मोठा चमचा मीठ, पाच ते दहा मिनिटं, आणि मग साध्या पाण्यातून नक्की काढा. जास्त वेळ ठेवली तर मीठ पानातलं पाणी ओढून घेतं आणि भाजी मलूल होते. हे पाणी कुंडीत घालू नका. मिठाने जंतू मरतात हा मात्र गैरसमज आहे.

खायच्या सोड्याने पृष्ठभागावरच्या काही फवाऱ्यांचा अंश साध्या पाण्यापेक्षा जास्त निघतो. सफरचंदावर हे तपासलेलं आहे. प्रमाण लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे, आणि वेळ बारा ते पंधरा मिनिटं. पण आंतरप्रवाही औषध पानाच्या आत भिनतं, ते कशानेच धुतलं जात नाही. शिजवायच्या भाजीला व्हिनेगर लागत नाही. भांड्यांचा साबण तर चुकूनही नको.

कच्चं खायचं असेल तेव्हा खरी काळजी घ्या. भरताबरोबर कांद्याची पात, मेथी, मुळा आपण कच्चाच खातो. नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीवर टेपवर्मची, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या पट्टीसारख्या जंताची, अंडी असू शकतात, आणि ती पोटात गेली तर मेंदूपर्यंत आजार पोचू शकतो. मीठ किंवा व्हिनेगर त्यांना मारत नाही, उष्णता मारते. म्हणून कच्चं खायचं पान एकेक करून धारेखाली दोन्ही बाजूंनी बोटाने पुसत धुवा, आणि शेवटचं पाणी पिण्याचंच वापरा. भाजी कुठून येते याची खात्री नसेल तर शिजवूनच खा, असं मी स्पष्ट सांगेन.

हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचं तंत्र वेगळं. त्याची आंबट चव पानांवरच्या खारात असते आणि तो पाण्यात विरघळतो. स्वतःच्या, न फवारलेल्या शेतातला पाला लोक म्हणूनच न धुता झटकून करतात. बाजारातला आणला असेल तर एकदा पटकन पाण्यातून काढा. थोडी चव जाईल, ती जाऊ द्या.

धुतल्यावर भाजी चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या, मग सुती पंचावर पसरा. ओली तशीच फोडणीत टाकली तर तेल उडतं आणि भाजी परतण्याऐवजी उकडते. फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर न धुताच, सुतळी किंवा रबर काढून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा आणि करायच्या वेळी धुवा. पानांत पाणी राहिलं की दुसऱ्याच दिवशी मधली पानं चिकट होतात.